दोन शब्दांचा हुकूम

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच नाथाजीराव आण्णा. प्रमुख पाहुणे, हायस्कुलाचे हेडमास्तर बिराप्पा गुरुजी. व्यासपीठावर बसलेले, आणि मघापासून खोकून आपण कुठं बसलोय ते मला कळवणारे आमचे कुतुबुद्दीनचाचा. आजचे सत्कारमूर्ती, चाचांचे चिरंजीव इमाम. आणि समोर जमलेल्या माझ्या माता-भगिनींनो, बंधूंनो.

मी हवालदार लालासाहेब. एकाहत्तरच्या लढाईत पुढच्या जवानाचा पाय सुरुंगावर पडला. तो गेला, आणि माझे डोळे गेले. तेव्हा बोलता बोलता माझं तोंड अध्यक्षांऐवजी खांबाकडं झालं, तर खांबानं मान स्वीकारावा आणि अध्यक्षांनी राग धरू नये. काय? आत्ताच खांबाकडं आहे? बरं, वळतो. आता ठीक?

हसा, हसा. भाषण घरी बसवून घेतलंय. आमच्या मंडळींनी, म्हणजे बनुबाईंनी, चार दिवस माझी भाषा घासून-पुसून लख्ख केली आहे. मध्येच 'हाय-न्हाई' आलं तर तो माझा दोष, त्यांचा नव्हे.

मंडळी, आजचा समारंभ जरा चमत्कारिक आहे. हार आणलाय, नारळ आणलाय, आतल्या खोलीत शिरा शिजतोय. आणि ज्याला निरोप द्यायचा, तो काल संध्याकाळी माझ्या सोप्यावर येऊन म्हणतो, "तात्या, मी न्हाई जात."

"का रं?"

"असंच."

पुण्यात कंप्यूटरवर काम करणारा हा आपला पोरगा. त्याला कुवेतच्या तेल कंपनीनं कंप्यूटरच्याच कामावर बोलावलंय. आज रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून पुढं विमान. त्याच्या आईनं, अख्तरबी वहिनींनी, ट्रंक भरली, ह्यानं काल ती रिकामी केली. आणि कारण काय, तर 'असंच'! ते 'असंच' म्हणजे मी, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज मी गौरवाला उभा राहिलेलो नाही. ह्या पोराला गावातून हाकलून काढायला उभा आहे. चाचा, परवानगी आहे ना? खोकला आला. म्हणजे आहे.

संयोजकांनी मला सांगितलं की, इमामच्या कंप्यूटरच्या खेळांबद्दल बोला, पंचक्रोशीत तुमच्याइतका जुना खेळाडू नाही. ते मात्र खरं आहे. कंप्यूटर मी पाहिलेला नाही. तुम्ही तरी कुठं पाहिलाय? त्या बाबतीत आपण सारे सारखेच.

फौजेतून आलो तो सोप्यावरच्या बाजेवर बसलो. परसात जायचं आणि परत बाजेवर यायचं. बाहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, ही शपथ मी कुणी न घालता घेतली होती. पहिल्यांदा लोक भेटायला आले. मी असा काही खेकसायचो की हळूहळू यायचे थांबले. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. आमच्याकडं गाय नाही, एक म्हैस आहे, ती बनुबाई राखत होत्या. शेत त्या बघत होत्या, भाऊबंदांशी त्या भांडत होत्या. मी काय राखत होतो? राग.

त्या रागाला न भिता एकटा इमाम यायचा. दर शनिवारी पुण्याहून आला की आधी आईच्या हातची भाकरी, मग माझ्याकडं. पेपर वाचून दाखवायचा. गेल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, पेपराऐवजी त्यानं भलामोठा कागदाचा गठ्ठा आणला. म्हणाला, "तात्या, कंप्यूटरवर एक खेळ आलाय. चित्र न्हाई, काय न्हाई. नुसता बोलतो. तो सांगतो तुमी कुठं हाय, तुमी सांगायचं काय करायचं. पण दोन शब्दांत. जास्त बोललं तर त्याला कळत न्हाई."

बनुबाई आतून म्हणाल्या, "माझ्यापरास बरा हाय म्हणायचा. दोन शब्द तरी ऐकून घेतो."

कंप्यूटर पुण्यात, आम्ही इथं कुंडल गावात. मग कंप्यूटर कोण? इमाम. मांडीवर छापलेल्या खेळाचा गठ्ठा, आणि आवाज असा सपाट करायचा की जणू पोटात माणूसच नाही.

तर पहिला खेळ, भुयाराचा. जुनी विहीर, तिच्या पोटात भुयार, भुयाराच्या टोकाला सोन्याची घंटा. "कंदील घे." घेतला. "खाली उतर." उतरलो. पहिल्याच शनिवारी पायरी निसटली आणि मेलो. कंप्यूटर म्हणाला, "आपण मेला आहात. पुन्हा सुरुवात करायची आहे का?" मी म्हटलं, ही सोय फौजेत नव्हती!

ह्या खेळाचा गुण असा की तो गप्प राहून माणसाला विचार करायला लावतो. दोष असा की अडाण्यासारखा हट्टी आहे. "अरे बाबा, ते दार जरा उघडतोस का" म्हटलं की, "मला हे समजलं नाही." हे वाक्य पुढं गावभर झालं. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की आण्णा अजून म्हणतात, "मला हे समजलं नाही." अध्यक्षमहाराज, खरं की खोटं?

एकदा कंदिलातलं तेल संपलं. इमाम सपाट आवाजात म्हणाला, "अंधार झाला आहे. काहीही दिसत नाही. पुढे गेलात तर खड्ड्यात पडाल." त्याला वाटलं, आपण भलतंच वाचून बसलो. बनुबाईंची आतली भांडीसुद्धा थांबली.

मला जे हसू फुटलं, मंडळी! सात वर्षांत तसा हसलो नव्हतो. म्हटलं, "इमाम, मला अंधाराचं भ्या दाखवतोस व्हय रं? ह्यो तर माझा मुलूख!" त्या दिवशी मी घंटा आणली असं सांगायला मला आवडलं असतं. खड्ड्यातच पडलो. पण हसत पडलो. म्हणून तो खेळ माझ्या लेखी पहिल्या नंबराचा.

दुसरा, सोंगांचा खेळ. ह्यात आपण आपण नसतो. कुणी शिपाई, कुणी मांत्रिक, कुणी व्यापारी. अंगात बळ किती, अक्कल किती, नशीब किती, हे कवड्या टाकून ठरवायचं. माझं नशीब भरपूर आलं आणि अक्कल फार थोडी. बनुबाई म्हणाल्या, "कवड्या खरं बोलत्यात." इमामला वाटलं मी शिपाई होणार. मी म्हटलं, शिपाई होऊन बघितलं, आता व्यापारी. बनुबाईंना विचारलं, तुम्ही कोण? म्हणाल्या, "दरोडेखोर." मग काय! माझे वेलदोड्यांचे उंट निघाले की डोंगराआडून ही बाई हजर. नवऱ्याला बघून सोडावं? नाव नाही. उंट लुटले, पागोटं काढून घेतलं, वर कंप्यूटरला हुकूम, "व्यापारी बांध." मी विचारलं, एवढा कसला राग? तेव्हा त्या हसत हसत बोलल्या ते लक्षात राहिलं. म्हणाल्या, "आवं, बाजेवर बसल्या माणसाला लुटता येत न्हाई. तुमी हिंडायला लागला, तवा कुठं मला लुटाय मिळालं." ह्या खेळाचा दोष सांगायचा तर पोळ्या करपतात. गुण आत्ताच सांगितला.

आणि तिसरा. हा अमेरिकेतनं आला नव्हता, इमामनं स्वतः रचला होता. मला मात्र सांगितलं, "नवा खेळ हाय. अवघड हाय लय."

"आपण एका किल्ल्यात आहात. समोर उंबरा आहे."

म्हटलं, "उंबरा ओलांड."

"उजवीकडे एक हत्ती श्वास घेत आहे. पुक्, पुक्, पुक्." हत्तीच्या कडेनं गेलो. पुढं राजकन्येचा महाल, तिथं काकणं किणकिणतात. मग लोहारांची गुहा, लोखंडाचा वास आणि ठणाठण. मी खुशीत चाललेलो. डावीकडं वळलो तर पायाखाली उतार आणि कडेला वाहतं पाणी. आणि मी थांबलो. हत्ती म्हणजे पिठाची गिरणी. राजकन्येचा महाल म्हणजे कुतुबुद्दीनचाचांचं बांगड्यांचं दुकान. हे कुंडल होतं! मला माझ्याच गल्लीतून हिंडवत होता!

असा भडकलो म्हणता! गठ्ठा ओढला, टराटरा फाडला. "आंधळ्याची चेष्टा करतोस? ऊठ, चालता हो." तो उठला. दारात जाऊन एवढंच म्हणाला, "तात्या, खजिना ऱ्हायला."

पुढचा शनिवार आला, इमाम आला नाही. त्याच्या पुढचाही गेला. राग तर होताच, पण खरं सांगू? त्या खजिन्यानं माझी झोप उडवली होती. पाण्याच्या पुढं काय? पाण्याच्या पुढं चौक, चौकात चिंच, चिंचेखाली जोतिबाचं हाटेल. मग खजिना कुठं ठेवला असंल ह्यानं? शेवटी बनुबाईंना म्हटलं, त्या पोराला बोलवा. तो आला. विचारलं, "खजिना काय हाय?" तर सपाट आवाजात, "कंप्यूटरला माहीत नाही. स्वतः जाऊन पाहा."

हात धरायला आला नाही, बरं का. काठी दिली आणि मागं एक कदम उभा राहिला. विचारलं तरच बोलणार, तेही दोन शब्दांत. मी उंबऱ्यावर किती वेळ उभा होतो ते बनुबाईंना ठाऊक. सुरुंगाच्या दिवशीसुद्धा एवढा भ्यालो नव्हतो. शेवटी मीच मला हुकूम दिला, उंबरा ओलांड. आणि गेलो. हत्ती, महाल, लोहार, पाणी. ठेचकाळत, शिव्या घालत चिंचेखाली पोचलो. जोतिबाचा आवाज आला, "ये लाला, बस. सकाळपास्नं भरून ठेवलाय." माझ्या हातात कप आला. चहा! गार झालेला, वर जाड साय धरलेली. म्हटलं, "ह्यो खजिना?" इमाम म्हणाला, "व्हय." मी तो चहा सायीसकट प्यालो, आणि प्यालो तसा रडलो. जोतिबा साक्षीला आहे, त्यालाही विचारा तो का रडला.

तेव्हापासून दर शनिवारी मी पुढं, इमाम मागं. आणि म्हणून काल तो म्हणतो, "असंच." त्याला वाटतं, मागचा कंप्यूटर गेला की तात्या पुन्हा बाजेवर.

इमाम, आता तुला एक विचारतो. सभेत विचारतोय, खोटं बोलायची सोय नाही. आज मला इथं कुणी आणलं? तुला वाटतंय बनुबाईंनी. मंडळी, बनुबाई सकाळपासून ह्या वाचनालयाच्या आतल्या खोलीत अख्तरबी वहिनींबरोबर शिरा ढवळत आहेत. वहिनी, बोला. ऐकलंस? तुझी आई म्हणते, "हौ."

मी एकटा आलो.

सोपं गेलं नाही. उंबरा ओलांडला, उजवीकडं कान दिला, तर हत्ती गप्प! सगळं गाव तुझ्या निरोपाला आलेलं, गिरणी बंद. चाचांचं दुकान बंद, लोहारही इथंच बसलाय. सगळा मुलूखच मुका झालेला. भ्यालो. खरंच भ्यालो. मागं वळून म्हणणार होतो, "इमाम, वाट सांग." मागं कुणी नव्हतं. काठी आपटली, एका म्हशीला धडकलो, तिला माणूस समजून माफी मागितली. मग पायाला उतार लागला. कडेला पाणी वाजलं. आणि लांबून तुमच्या कर्ण्यातून कुणीतरी ओरडलं, "हॅलो, हॅलो." म्हटलं, चला, निदान एवढा तरी शब्द आपल्याला समजला. आलो.

हेच सांगायला मी उभा राहिलो. बाकी सगळी प्रस्तावना.

आता आभार. आण्णांनी मला दोन मिनिटं दिली होती, मी त्याहून पुष्कळ जास्त घेतली आणि त्यांनी घंटा वाजवली नाही. सोन्याची नव्हती म्हणूनही असेल. गुरुजी शेतातलं पाणी सोडून आले, जोतिबानं हाटेल बंद ठेवलं, आयाबहिणींनी ऐकून घेतलं, सगळ्यांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल, पुन्हा खांबाशी बोललो असेन, एखादा शब्द लागला असेल, तर तो माझ्या पदरात टाकून तुम्ही मोकळे व्हा.

आणि इमाम, गड्या. तुझ्या त्या वाळवंटात लय एकटं वाटंल. वाटू दे. वर्षभरानं म्हण, दोन वर्षांनी म्हण, परत येशील तवा चिंचेखाली खजिना भरून ठेवलेला असंल. साय धरली तरी वतून देणार न्हाई. तवर मी रोज तिथं जाऊन बसणार हाय, माझ्या पायानं.

आता ट्रंक भर. आईच्या पाया पड. आणि मी तुला दोन शब्दांत सांगतो, कारण त्यापरास जास्त तुला समजत न्हाई.

उंबरा ओलांड.