बर्फावरची चटई

नागानोच्या डोंगरातून परतणाऱ्या बसमध्ये वाटाड्या हातानाका डोळे मिटून बसला होता. त्याची ही पहिलीच सहल. मागच्या सीटवर शिगेकोबाई आणि त्यांची धाकटी बहीण कानाए अभिप्रायाचा फॉर्म भरत होत्या.

"ताई, शिखर गाठलंत का, असं विचारलंय."

"नाही, असं लिही."

"कारण काय लिहू?"

"चहा."

"चहाला एवढा वेळ लागतो होय, असं म्हणतील."

"चहाला नाही गं, बुटांना. बर्फावर चटई अंथरली आणि आपण आठही जणांनी आधी बुटांखाली बांधलेले बर्फातले स्नोशू सोडले, मग बूट काढून ओळीत लावले. ते गोठलेले बूट परत चढवण्यातच तास गेला."

"मग काय बूट घालून चटईवर बसायचं?"

"मी कुठं तसं म्हणतेय? सगळ्यांत आधी वाटाड्यानंच काढले."

"डाव्या मोज्याला हे एवढं भोक. अख्खा अंगठा बाहेर."

"तरी काढले बिचाऱ्यानं."

"हे लिहू?"

"अंगठ्याचं नको. मुलगा चांगल्या घरचा आहे, एवढं लिही. शिखर पुढच्या वर्षी याच्याच बरोबर बघू."

हातानाकाने डोळे उघडले नाहीत. बूट घातलेला डावा पाय तेवढा हळूच सीटखाली ओढून घेतला.