पुरणयंत्र घरीच राहिलं

— न्हाई न्हाई, बसा हो इंद्रजीतसाहेब, असं दारातनं कुठं परत जाता! तनुजा येतीयच एवढ्यात, नेट गेलंय म्हणून जरा वर गेलीय, सरोजिनीबाईंकडं. नेटच गेलंय हो, दुसरं काय न्हाई. चहा घ्या. तुमची नर्सरी हिथनं दोन पावलांवर, उसाची रोपं काय पळून जात न्हाईत. काय म्हणालात? दुपारपर्यंत चाललं न्हाई तर काम दुसऱ्याला? द्या की! पण नातीचं पयलंच काम हाय, तिच्या एकटीच्या नावावरचं — आन् कुठल्या ट्रेमधी कुठल्या वाणाचं रोप, कवा लावलं, कवा द्यायचं, ते समदं दोन महिने बसून तिनं त्या कॉम्प्युटरात घातलंय, एवढं ध्यानात ठेवून द्या.

हिथं चालतंय ना ते! माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याच हापिसात उघडत न्हाई — का म्हणून इचारा. ऱ्हाऊ द्या, मीच सांगते. पोरीनं तुम्हाला एकच फाईल पाठवली, जार म्हणतात म्हणे तिला. "आजी, बघ, एका फाईलीत अख्खा प्रोग्राम!" — नाचली नुसती. पण त्या प्रोग्रामाला लागणाऱ्या बाकीच्या फाईली — लायब्ररी म्हणतात त्यांना — त्या ऱ्हायल्या हिच्याच कॉम्प्युटरात, कुठंतरी कोपऱ्यात. घरी चालवलं की ते हात लांब करतं आन् घेतं. तुमच्याकडं हात लांब केला, तर भिंत!

अहो, हसू नका, माझंबी तेच झालंय. खडकीला, लेकीच्या — शालूच्या — क्वार्टरात, नातवाचा पयला वाढदिवस. मी हौसेनं हिथनं डाळ-गूळ शिजवून पातेलं नेलं, बसमधी मांडीवर धरून. आन् पुरणयंत्र? घरी, फळीवर! रोज हाताशी असतं ना, मग ते वेगळं न्यायचं असतंय हे डोक्यातच येत न्हाई. शेजारणीनं तिचं दिलं, बिचारी चांगल्या मनाची — पण त्यात जाळी मोठ्या भोकांची. यंत्र तेच, नाव तेच, पुरण मात्र भरड. पोळी लाटली की फाटली. विहीणबाई म्हणल्या, "ही उलटायची, का गोळा करायची?" बावीस वर्षं झाली, अजून ऐकू येतंय.

तुम्हीबी तेच केलंत. — केलंत की! काल ते "क्लास सापडत नाही" म्हणून बोंबललं — म्हंजे लायब्ररीतला तुकडा मिळंना — तवा तुम्ही तनुजाला न इचारता नेटवरनं त्याच नावाची जुनी लायब्ररी आणून टाकलीत. मोठ्या भोकांची जाळी! आधी एक रडगाणं होतं, आता दोन. — हे तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलंय तिनं, साहेबांना राग येईल म्हणे. मी कुठं सांगितलं? विषय निघाला.

तर सकाळी मी तिला म्हणलं, पातेलं पाठवायचं तर पुरणयंत्रासकट पाठव. भरल्या तिनं समद्या लायब्ऱ्या त्या एकाच फाईलीच्या पोटात. म्हणली, "चाललं, आजी!" मी म्हणलं, ह्या घरात तर तवाबी चालत होतं, परक्या चुलीवर चढवून बघ. म्हणून गेलीय वर. सरोजिनीबाईंच्या कॉम्प्युटरात ती जावा — असले प्रोग्राम चालवायची नुसती चूल म्हणा — तेवढी हाय, बाकी नुसते नातवंडांचे फोटो — हिचा एक चमचा न्हाई तिथं. तिथं शिजलं, तर तुमच्याकडं शिजलंच.

वीस मिनिटं झाली. कालपासनं धड जेवली न्हाई हो पोरगी. वर जाताना म्हणली, "आजी, हे गेलं तर मी परत कुणाचं काम घेणारच न्हाई" — आन् तिचे बाबा तर टपलेलेच हायत, कुठंतरी नोकरीला चिकट म्हणून... अगं बाई. मी मघाशी काय म्हणाले? नेट गेलंय म्हणाले ना? तेवढंच ध्यानात ठेवा.

थांबा — ऐकलंत? जिन्यात चपला. दोन-दोन पायऱ्या गाळत येतीय, रडत असती तर एकेक उतरली असती. कप द्या हिकडं. तोंड गंभीर करा — न्हाई, एवढं नको, भील ती. आन् तुम्हाला कायबी माहीत न्हाई, समजलं?

ये गं तनुजा! साहेब आत्ताच आले. — आलं का नेट?