चांदीपच्या बांधावरची तिसरी गादी

जबाब
दिनांक २० जानेवारी २०२५, दुपारी १२.४०

नाव संपदा हरेश्वर सामंत, वय ३८ वर्षे, धंदा खासगी नोकरी (अंधेरी), राहणार बोळिंज, विरार पश्चिम.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई आशालता हिच्यासह राहते. सुट्टीच्या दिवशी मी नवख्या लोकांना दगडावर चढायला शिकवते. यात दोरी नसते. दगड दहा-बारा फुटांचा असतो आणि खाली जाड गाद्या अंथरतात. पहिला तासभर मी फक्त नीट पडायला शिकवते. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. तिचं खरं आहे.

दिनांक १८ व १९ रोजी चांदीप येथे धर्मा गोविंद भोईर यांच्या कापणी झालेल्या शेतात तंबू लावून राहायचं आणि शेजारच्या कातळावर चढायचं, असं मी ठरवलं होतं. सोबत सात नवखे होते. तयारी पाच आठवडे चालली. जागा मी तीनदा पाहून आले. धर्माभाऊंनी शेत वापरायला दिलं आणि विहिरीचं पानी गोड हाय, असं सांगितलं. चढून परत उतरायचंच, तर चढता कशाला, असंही त्यांनी विचारलं होतं. मी सर्वांना सहा पानी वेळापत्रक पाठवलं. त्यात नियम चार असा की, गाद्या तीन आहेत, त्यावर कोणीही बसायचं किंवा झोपायचं नाही. रविवारी चढाई सकाळी सात वाजता सुरू, असंही त्यात आहे. प्रत सोबत जोडली आहे.

शनिवारी संध्याकाळी धर्माभाऊंसोबत त्यांच्या पत्नी हंसावहिनी आमच्यासाठी शेंगा-कंद घालून मडक्यात लावलेली उकडहंडी घेऊन आल्या. त्यांना कंबरदुखीमुळे जमिनीवर बसता येत नव्हतं. मी एक गादी उघडून त्यांना बसवलं. निघताना त्या नको नको म्हणत असताना ती गादी मीच धर्माभाऊंच्या डोक्यावर दिली आणि आजची रात्र वहिनींना यावर झोपू द्या, असं सांगितलं. म्हणजे नियम चार मीच मोडला. याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं आणि आजही वाटतं.

रविवारी सकाळी ६.४० वाजता गादी आणायला सांगण्यासाठी मी धर्माभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "दूध काढतो नि आलोच, ताय." त्यांचं घर शेतापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

सात वाजले. मी गाद्यांभोवती फेऱ्या मारू लागले. सातांपैकी एक, चिराग, म्हणाला, "ताई, दहा मिनिटांनी काय फरक पडतो? तोवर चहा मारू ना." मी म्हणाले की नऊला कातळावर ऊन येतं, हाताला घाम सुटतो, दोन गाद्या पुरतात. ऊन येतं हे खरं आहे. पण मला थांबवत नव्हतं हे त्याहून खरं आहे.

७.१० वाजता रचना विलास सावे, वय २३, राहणार नालासोपारा, ही पहिली चढली. ती पडलीच तर सावरायला चिराग खाली हात वर करून उभा होता, त्याची काही चूक नाही. आठ फुटांवर गेल्यावर रचनाने विचारलं, "ताई, तिसरी गादी आली का?" मी म्हणाले, "खाली बघू नकोस, वर बघ."

कातळावर दव होतं. तिचा पाय सुटला. मी शिकवल्याप्रमाणेच ती पडली, गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर. पण जिथे पडली तिथे गादी नव्हती. चिरागने तिचं डोकं सांभाळलं. उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला आहे. ऑपरेशन काल संध्याकाळी झालं.

दवाखान्यात तिचे वडील विलास सावे यांनी मला विचारलं की तिसरी गादी कुठे होती. मी म्हणाले, "धर्माभाऊंच्या घरी. ते आणणार होते, उशीर झाला." एवढंच बोलून मी औषधं आणायला गेले. खरं तर औषधं आधीच आणलेली होती.

त्यावरून सावे यांनी आज तक्रार दिली आहे की, शेतमालकाने सुरक्षेची गादी परस्पर घरी नेली, म्हणून मुलगी जायबंदी झाली. धर्माभाऊ सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी आत येताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "पोरीचा पाय कसा हाय?" मला त्यांच्याकडे बघवलं नाही. हा जबाब देताना मी तीनदा उठून दारापर्यंत गेले. ते लिहायची गरज नाही असं हवालदारसाहेब म्हणतात, पण लिहावं.

आणखी एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. रचना आठ फुटांवर होती तेव्हा धर्माभाऊ गादी डोक्यावर घेऊन बांधावरून येत होते. पन्नास पावलांवर असतील. ते ओरडले, "ताय, थांबवा पोरीला! गादी आनतोय!" बाकीच्यांची पाठ तिकडे होती, ते ओरडून रचनाला धीर देत होते. मला ते दिसले. त्यांची हाकही मी ऐकली. त्यानंतर मी रचनाला म्हणाले, "पुढचा पाय टाक."

हवालदारसाहेबांनी विचारलं की, हाक ऐकली असं लिहू की ऐकल्यासारखं वाटलं असं लिहू. ऐकली असं लिहावं.

माझा हा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. वाचताना दार उघडं ठेवावं अशी विनंती मी केली होती, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून. ते उघडं ठेवलं होतं.

सही/-
संपदा हरेश्वर सामंत