नळाच्या वळणावरची जानकी

ऐका गं पोरींनो. त्या टोपल्या आधी खाली ठेवा. उद्याच्या ओहोटीला नळाच्या वळणावर शिंपल्या वेचायला जायचं ठरवलंय तुम्ही, कळलंय मला. मग माझंही ऐकून घ्या.

माझी सुगंधा बाळंत होऊन आठवडा झाला होता. दूध येईना. लेकरू रडून रडून निळं पडायचं. आपल्याकडे बाळंतिणीला काय देतात? शिंपल्यांचं सार. दिवेलागण झाली, ओहोटी लागली, तशी मी निघाले. एकटीच. आपल्या किनाऱ्याला काही मिळेना. म्हटलं, जाऊ नळाशी. कारखाना बंद होऊन तीन वर्षं झालेली, त्याचं घाण पाणी खाडीत सोडणारा नळ कोरडा, पाणी कसं नितळ. खाडी बरी झाली म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

चिखलात पाय घातला तर पायाखाली शिंपल्याच शिंपल्या. एकेक अशी मोठी. तेवढ्यात हाक आली, "द्वारके." माझंच नाव. अंधारातल्या हाकेला तीन हाका होईस्तोवर ओ द्यायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको. वेचत राहिले. टोपली भरली, उचलली, तर हलकी. आत बघते तर रिकामी. परत भरली. परत रिकामी. घाम फुटला मला, पण लेकराचं रडणं कानात होतं. पुन्हा वाकले. दुसरी हाक आली, अगदी कानाशी.

आणि पाय धरला कुणीतरी. गार हात. थरथरणारा. तो हात मी ओळखला बायांनो. माझी जाऊ, जानकी. त्या रात्रीच्या चार वर्षं आधी वारलेली. नळ वाहत होता तेव्हाही ती इथल्याच शिंपल्या वेचायची, इथल्याच खायची. शेवटी शेवटी तिला चहाचा कप धरवत नव्हता, असे हात कापायचे.

मी गुडघाभर रुतलेली. भरती लागली, पाणी कमरेला आलं. "सोड गं बाई," मी रडत म्हटलं, "लेकीसाठी नेतेय."

"द्वारके," ती म्हणाली. तिसऱ्यांदा. मूठभर गाळ उपसून माझ्या तोंडापुढे धरला. काळा, चांदण्यात तेलकट चकाकणारा. "पाणी निवळलं. गाळ नाही निवळला. माझे हात बघ, आणि मग पाज त्या लेकराला."

पाय सुटला. कशी घरी आले, आठवत नाही. दोन दिवस तापाने फणफणले. सुगंधाला शेजारणीने अळिवाची खीर घातली, हळूहळू दूध आलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी शहरातली माणसं आली, बाटल्यांत गाळ भरून घेऊन गेली. म्हणाली, कारखान्याचा पारा, शिसं, सगळं तळाशी बसलंय, शिंपल्यांच्या पोटात जातंय. जानकी ते आधीच सांगून गेली होती. मला वाईट इतकंच वाटतं, ती जिवंत असताना हात का कापतात हे आम्ही कुणी विचारलं नाही. वय झालं म्हणालो.

ते लेकरू म्हणजे तूच गं मालन. सगळ्यांत पुढे टोपली कवटाळून बसलीयेस ती.

त्या वाटेला जाऊ नका. आणि चुकून गेलात, हाक आली, तर तीन हाका मोजत बसू नका. पहिल्या हाकेलाच ओ द्या आणि मागे फिरा. आपलंच माणूस आहे ते.