खडखडणारं रेशीम

...नाही, रंगाबद्दल कोण बोलतंय? रंग असा चढला होता की डाळिंबानं लाजावं! पण कापड... तुम्हाला सांगतो, हातात धरलं तर उभंच राहिलं! रेशीम आहे की पत्रा? तीस वर्षं मर्गिलानात रेशीम रंगवायला मंजिष्ठेची मुळं उकळतोय मी, आणि रविवारी माझ्या भाचीचं, झेबिनिसोचं लग्न, शुक्रवारी तिच्या झग्याचं कापड दोरीवर खडखडतंय! बहीण आली, बोट लावून म्हणाली, "दादा, मुलगी नवरी म्हणून धाडायचीय, दाराची फळी म्हणून नाही!"

तेवढ्यात शेजारचे हाशिम-अका भिंतीवरून डोकावले. यांना कोणी विचारलं? धंदा खरबुजांचा! "उस्ताद, पाणी फार तापवलंस, रेशीम शिजलं तुझं." शिजलं? मी काय पुलाव लावला होता? तरी पण अडला हरी... गार पाण्यात बुचकळलं, सावलीत वाळवलं, हात लावला... रेशीम आहे की पत्रा? मग वाटलं, रेशमाच्या कोशाचा डिंक धाग्यात राहिला असेल, एक कोपरा साबणाच्या पाण्यात धरला. तो कडक तर राहिलाच, वर चिकट झाला! आणि बायको, मुकर्रम, जी मला चहा कसा ढवळायचा तेही शिकवते, ती दिवसभर गप्प! तिथंच मला कळायला हवं होतं...

शेवटी गेलो करोमत-आजींकडे. माझ्या उस्तादांची बायको, वय ब्याऐंशी, डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी कापडाचा कोपरा चक्क जिभेला लावला! तोंड वाकडं केलं. "तुरटी किती घातलीस रे?"

"रंग धरायला लागते तेवढीच, आजी. दोन मुठी."

"मग उरलेली कोणी घातली?"

घरी आलो. बायकोकडे पाहिलं. ती किटलीकडे पाहायला लागली. "अहो, तुम्ही विसरता ना... म्हणून मी आधीच टाकली होती."

शनिवारभर दोघांनी दोन टोकं धरून ते कापड साठवलेल्या पावसाच्या पाण्यात खळबळलं, सात वेळा पाणी बदललं, शेवटच्या पाण्यात चमचाभर आंबट सिरका. संध्याकाळी बोटांतून असं निसटलं की काय सांगू! रातोरात झगा शिवला, रविवारी झेबिनिसो तो घालून नाचली, बहीण रडली, हाशिम-अका सगळ्यांना सांगत होते, "सल्ला माझा!"

असो. लग्नाला बावीस वर्षं झाली आमच्या, आणि न भांडता, न विचारता दोघांचं एकमत झालं ते एवढंच... तुरटीवर!