पील की पीळ

माझ्या आठवणीचा भरवसा धरू नका, पण कोच मला फोनवर "नातीला चेंडू सोडताना पील करायला सांगा" म्हणाले, एवढं नक्की. नात शिवानीला जिल्हा सॉफ्टबॉल संघात यायचं, तर बॅटपाशी खाली पडणारा चेंडू टाकता यायला हवा होता.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. पील म्हणजे पीळच असणार! शिवानीला म्हटलं, "अगं, पीळ दे! वात वळतात तसा."

निवडीच्या दिवशी चेंडू खाली पडलाच नाही, बाजूला वळला. पण समोरच्या मुलीची बॅट हवेतच फिरली.

"लई भारी हाय की! असा वळवायला कुणी शिकवलं?" कोच ओरडले.

"आजोबांनी!"

शिवानी संघात आली. पुढं ती स्वतः कोच झाल्यावर मी भीतभीत विचारलं, "कोच तेव्हा पीळच द्यायला सांगत होते ना?"

"आजोबा, पीळ नाही, पील! इंग्रजीतलं. केळं सोलतात ना, तशी बोटं चेंडूवरून वर ओढायची, मग तो खाली पडतो!"