झळ लागण्याआधीचा फेस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले पाहुणे, वणवा-पथकातले माझे आजी-माजी सोबती, जमलेल्या भगिनी आणि बंधूंनो, आणि मांडीवरच्या गुच्छाचं काय करावं हे न कळून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आमचे फेसोबा,

आपणां सर्वांना या म्हाताऱ्या चालकाचा नमस्कार. अध्यक्षांनी 'थोडक्यात बोला' म्हणून खुणावलं आहे. पोहोचवीन वेळेत, वाट मात्र माझी.

उभी नोकरी मी टँकर चालवला आणि मागे फेसोबांनी पंप सांभाळला. घाट चढताना मी शाळेतल्या कविता म्हणत असे. त्या कवितांतलं रान सदा हिरवं. झरे, पाखरं, सावल्या! वणवा एकाही कवीने पाठ्यपुस्तकात घातला नाही. घातला असता तर निदान मार्कांसाठी तरी आपण थोडी तयारी केली नसती का?

मघाचे सगळे वक्ते म्हणाले, "आता घरी निवांत बसा." निवृत्तीच्या निरोपाला असंच म्हणायचं असतं, त्यांचा दोष नाही. पण फेसोबांना घर उरलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ते जळलं. काल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या वहिनीला भाषणातून समजाव. घर पुन्हा तिथेच बांधू म्हणावं. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल." वहिनी तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसल्या आहेत.

तर आधी फेसाविषयी. नुसतं पाणी भिंतीवर टिकत नाही, ओघळून जातं. त्यात जरासं फोमचं द्रावण मिसळलं की फेस होतो आणि पाण्याला धरून ठेवतो. किती मिसळायचं हे पंपाजवळचं मिक्सर ठरवतं. त्याची चकती फेसोबा अशी फिरवत, जसा गवई तंबोऱ्याची खुंटी पिळतो. गवताला पातळ, भिंतीला घट्ट. आणि नियम एकच: धूर बघून फेस मारायचा नाही, झळ लागली की मारायचा. उन्हावाऱ्यात तो बघता बघता वाळतो. लोक घाई करायचे. एका काकूंना ते म्हणाले होते, "काकू, ही भिंतीची सफेदी नव्हे, आज दिली आणि वर्षभर राहिली!" काकू रागावल्या, पण त्यांचं घर वाचलं.

त्या सकाळी वहिनींचा फोन आला. "अहो, टेकडीमागे धूर आहे. येताय ना?" रानाच्या कडेचं पहिलंच घर त्यांचं, त्यामुळे पथक तिकडेच निघालं होतं. पोहोचलो. धूर होता, झळ नव्हती. फेसोबांनी चकती पार शेवटापर्यंत फिरवली.

मी म्हटलं, "अहो, अजून झळ कुठे आहे?"

"तू गाडीत बस."

"फेसोबा, फोमचा डबा संपेल!"

"माझं घर आहे की तुझं?"

अख्खा डबा त्या घरावर गेला. छप्पर, भिंती, अंगणातली तुळस, बाहेरची झाडंसुद्धा पांढरीशुभ्र. वहिनी हसल्या देखील. म्हणाल्या, "दाढीला बसवलंत की काय घराला!"

आणि मग वारा पडला. वणवा खालच्या दरीत बसून राहिला, जणू त्याला घाई नव्हती. आम्ही वाट पाहत होतो आणि फेस वाळत होता. आधी कडा बसल्या, मग बारीक चुरचुर ऐकू येऊ लागली. फेसोबा भिंतीला हात लावत घराभोवती फिरत होते. वहिनी ओट्यावर बसून त्यांच्याकडे नुसत्या पाहत होत्या. वारा पुन्हा उठला तेव्हा भिंती कोरड्या ठाक होत्या. पाणी मारलं आम्ही, सगळं मारलं. ते भिंतीवरून उतरलं आणि अंगणातून निघून गेलं.

परक्यांच्या दारात जो माणूस कधी घाईला आला नाही, तो आपल्या दारात आला. त्याला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता सोपवलेलं काम. परवा मी वर जाऊन ती जागा पाहून आलो. झाडं गेली आणि त्यांच्या जागी कमरेएवढं गवत आलंय. गवत झाडापेक्षा लवकर पेटतं, हे इथे कुणाला सांगायला हवं? फेसोबांच्या जागी नवा माणूस दिलेला नाही. मिक्सर त्या उन्हाळ्यापासून गंजून बसलंय. वहिनींशीही बोललो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, घर काय, उभं राहील. पण धूर दिसला की हे पुन्हा तसेच धावतील. तो फेस वाळताना दुसऱ्यांदा बघायचं बळ नाही हो माझ्यात."

वहिनी, तुमचं बरोबर आहे. जाऊ नका वर. यांनाही जाऊ देऊ नका.

फेसोबा माझ्याकडे बघत नाहीयेत. नका बघू.

संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. म्हातारपणी जीभ सैल सुटते. अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. मी गाडी दाराशी लावली आहे. दोघांना त्यांच्या लेकीकडे सोडायचंय. तिने त्यांच्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे. तिच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही.